झुरळाकडे नीट बघायला शिकवता येतं का?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या तुमच्या सोसायटीत मुलांसाठी अधूनमधून सिनेमा दाखवता, आणि पुढच्या वेळी झुरळ, माशी, शेणकिडा असल्या नकोशा जीवांवरचं काहीतरी लावायचा विचार आहे. अशा चित्रांनी-सिनेमांनी किळस खरंच कमी होते, की पालकांची बोलणी खाऊन हाती काहीच लागत नाही, असा तुमचा प्रश्न.

किळस जाईलच अशी हमी मी देणार नाही. माझी स्वतःचीही पूर्ण गेलेली नाही. पण बघण्याचा वेळ वाढतो, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. झुरळ दिसल्यापासून चप्पल पडेपर्यंत आपण त्याच्याकडे बघतोच किती?

ठाण्यात नौपाड्याला माझा चित्रकलेचा क्लास आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करणारी मुलं जास्वंद आणि फुलपाखरू डोळे मिटून काढतात. झुरळ काढा म्हटलं की कागदावर एक तपकिरी लंबगोल उमटतो, त्याला पुढून मागून मिळेल तिथे पाय चिकटवलेले, कुणाचे आठ, कुणाचे दहा. रोज घरात दिसणारा प्राणी, पण पाहिलेला कुणीच नाही. इमारतीत पेस्ट कंट्रोल झालं की मेलेली झुरळं आयती मिळतात. ती पारदर्शक डबीत बंद करून भिंगासकट मुलांपुढे ठेवते. हात लावू देत नाही, कारण झुरळाच्या वाळलेल्या अवशेषांनी दमा उसळतो. आधी सगळं 'ई' आणि 'शी'. बालवाडीतली पोरं डबीवर तुटून पडतात, सातवी-आठवीची मागे सरकतात. मग कुणीतरी विचारतं, "ताई, याचं डोकं कुठंय?" वरून बघितलं तर डोकं दिसतच नाही, ते एका रुंद चपट्या कवचाखाली दडलेलं असतं. सहाही पाय छातीपासून निघतात, पोटाला एकही नाही. पायांवर काटे, पंखांवर शिरांची बारीक नक्षी, आणि मोठ्या झुरळाचा रंग बघाल तर जुन्या सागवानी कपाटाच्या पॉलिशसारखा. तो जलरंगात मिळवताना मुलांच्या नाकी नऊ येतात. स्वयंपाकघरातल्या लहान, फिकट झुरळाच्या त्या कवचावर दोन गडद उभ्या रेघा असतात, गटारातून वर येणाऱ्या मोठ्याला त्या नसतात. हे मी सांगत नाही. डबीत दोन वेगळ्या जाती आहेत हे मुलंच आपापसांत भांडून ठरवतात.

त्या रेघावाल्याला जर्मन झुरळ म्हणतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार ते साधारण २,१०० वर्षांपूर्वी आपल्याच बाजूला, भारत-म्यानमारच्या भागात, एका रानातल्या आशियाई झुरळापासून निघालं आणि माणसांच्या सामानाबरोबर जगभर गेलं. तेव्हा ओट्यामागचा तो पाहुणा नाही, गाववालाच आहे. झुरळांच्या साडेचार हजारांहून जास्त जाती आहेत, आणि माणसाच्या आसऱ्याला येणाऱ्या जेमतेम तीसेक. बाकीच्या रानात पालापाचोळा कुजवायचं काम करतात. आपल्या येऊरच्या जंगलातही.

चित्रांपैकी मी मुलांना आवर्जून दाखवते ते मारिया सिबिला मेरियन हिचं. ही बाई १६९९ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन आम्सटरडॅमहून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, ती तिथल्या किड्यांची चित्रं काढायला. १७०५ साली तिचा मोठा ग्रंथ निघाला. त्यातलं पहिलंच चित्र अननसाचं आहे, राजेशाही, तुरा उभारलेला, आणि त्याच्यावर झुरळं! ज्या हाताने अननसाचं पान रंगवलं त्याच निगुतीने झुरळाचा पंख रंगवलाय. आणि सोबतच्या मजकुरात तिनं त्यांची अजिबात भलामण केलेली नाही. कपडे, खाणंपिणं सगळं नासवतात आणि गोडावर फार जीव, असं रोखठोक लिहिलंय. मला हे फार आवडतं. झुरळाला निर्दोष ठरवायची तिला गरज वाटली नाही, नीट काढायची मात्र वाटली.

याच्या उलट आपलं फुलपाखराचं कौतुक. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू जाहीर केलं, ब्लू मॉरमॉन. घोडबंदर रोडवर ओवळेकर वाडीत रविवारी लोक लेकरांना घेऊन फुलपाखरं बघायला जातात, मीही जाते. पण पावसाळा ओसरताना येऊरला फुलपाखरांचा घोळका ओल्या मातीवर चिखलपान करताना दिसतो, आणि त्यातली काही सरळ शेणावर, मुतावर बसतात. नवाब नावाचं देखणं फुलपाखरू तर कुजक्या खेकड्यावरही ताव मारतं. त्याला कुणी शी म्हणत नाही, कारण कपडे चांगले आहेत. कॅथरीन चाल्मर्स या अमेरिकन कलाकाराने नेमकं हेच पकडलं. तिनं स्टुडिओत झुरळं पाळली आणि त्यांना रंगवून, सजवून दुसऱ्या, लोकांना आवडणाऱ्या किड्यांचं सोंग दिलं. शरीर तेच, बघणाऱ्याचं तोंड वेगळं. तिचीच झुरळांना छोट्या विजेच्या खुर्चीवर बसवलेली, फासावर चढवलेली चित्रं आहेत. ती मोठ्यांसाठी ठेवा, मुलांना नको.

सिनेमाकडे येते. बोलणाऱ्या, टोपी घातलेल्या, मोठ्ठ्या डोळ्यांच्या कार्टून किड्यांनी काही होत नाही, असं माझं स्पष्ट मत. मुलं हसतात, घरी जातात, स्प्रे मारतात. ती गोष्ट माणसांचीच असते, किड्याचा फक्त मुखवटा. राजामौलींचा 'ईगा', हिंदीत 'मक्खी', २०१२ चा, थोडा वेगळा आहे. त्यातली माशी माणसाचा पुनर्जन्म आहे, तिचा सूडही फिल्मीच. पण खलनायकाला ती छळते कशी? कानाशी गुणगुणून, झोप मोडून, गाडी चालवताना डोळ्यांपुढे नाचून. म्हणजे माशी जे रोज करते तेच करून. तेवढ्या भागात अख्खं थिएटर माशीच्या बाजूने असतं. मुक्ताबाईंनी तर कधीच लिहून ठेवलंय, 'माशी व्याली घार जाली'. त्याचा अर्थ अध्यात्मातला आहे, माहीत आहे, तरी माशी एवढी मोठी कल्पायला कवीच लागतो.

तुमच्या मुलांसाठी मात्र मी 'मायक्रोकॉसमॉस' निवडेन. १९९६ चा फ्रेंच माहितीपट, करणारे दोघेही मुळात जीवशास्त्रातले. निवेदन जवळजवळ नाहीच. त्यात एक शेणकिडा शेणाची गोळी ढकलत नेतो आणि ती काट्यात अडकते. तो मागून ढकलतो, पुढे जाऊन बघतो, पुन्हा जोर लावतो. मध्ये कुणी समजावत नाही. क्लासमध्ये तो तुकडा लावला की "अरे, खालून ढकल ना!" असं कुणीतरी हमखास ओरडतं.

अख्खा सिनेमा लावू नका, लहान मुलं कंटाळतील. असे दोन-तीन तुकडे, मग मेरियनचं चित्र, मग कागद-पेन्सिल. जेवणाच्या आधी नको, एवढं पालकांसाठी पाळा. त्यांना आधीच सांगून टाका की घरातलं पेस्ट कंट्रोल बंद करा असं कुणी म्हणत नाहीये. माझ्याही ओट्याखाली जेलचे ठिपके आहेत. आणि जमलं तर सोसायटीत येणाऱ्या पेस्ट कंट्रोलच्या दादांना अर्धा तास बोलवा. झुरळ कुठल्या फटीत शिरतं, अंड्यांची पिशवी कशी दिसते, दिवसा कुठे असतं, हे त्यांच्याइतकं जवळून तुमच्या सोसायटीत दुसऱ्या कुणी पाहिलेलं नसेल, आणि ते त्यांना विचारायला कुणी आलेलंही नसेल.