पहिली कादंबरी स्वतः छापायची आहे. कंपनीला 80 हजार द्यावेत का?

प्रश्न असा आहे: नोकरी सांभाळून 65 हजार शब्दांची कादंबरी लिहून झाली, तीन प्रकाशकांकडून उत्तर नाही, आणि एक सेल्फ-पब्लिशिंग कंपनी 80 हजारांत 500 प्रती, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि ‘मार्केटिंग’ देऊ म्हणते. हो म्हणावं का?

माझं उत्तर: आत्ता नको. आणि 500 प्रती तर कधीच नको.

सही करण्याआधी एक गोष्ट तपासा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही, त्यांच्या पहिल्या पुस्तकासाठी. स्वतः छापून मोकळे झालात की ती वाट बंद. अर्जाची जाहिरात निघते तेव्हा त्या वर्षीच्या अटी नीट वाचा. प्रकाशकांचं म्हणाल तर चार महिने उत्तर न येणं हा नकार नसतो. नुसतं हस्तलिखित न पाठवता दोन पानी सारांश आणि पहिली तीन प्रकरणं पाठवली तर निदान कोणी उघडून बघण्याची शक्यता वाढते.

तरीही स्वतःच काढायचं ठरलं, तर आधी हिशोब मांडा. डेमी आकार (साडेपाच बाय साडेआठ इंच), 12 पॉइंटचा टाइप, पानावर साधारण 300 शब्द. 65 हजारांची 217 पृष्ठं होतात. शीर्षकाचं पान, श्रेयाचं पान, अर्पणपत्रिका, मनोगत धरून 224. हा आकडा मुद्दाम घेतलाय, कारण ऑफसेटला (प्लेटवरून मोठ्या संख्येने होणाऱ्या छपाईला) 16 पृष्ठं एकत्र छापतात, तो एक फॉर्म आणि 224 म्हणजे बरोबर 14 फॉर्म. 226 झाली की दोन पानांसाठी पंधरावा फॉर्म लावायचा किंवा शेवटी कोरी पानं सोडायची. मनोगत आखडलं की प्रश्न मिटतो. (मनोगत आखडल्याने आजवर कुठल्या कादंबरीचं नुकसान झालेलं नाही.)

आता पैसे. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या गावचे दर त्यात भरा. समजा अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ मिळून 30 हजार, आणि 300 प्रतींची छपाई-बांधणी प्रतीमागे 110 रुपये. म्हणजे एक प्रत पडली 210 ला. किंमत ठेवली 350. वितरकाने 50 टक्के कमिशन घेतलं की हातात 175, म्हणजे प्रत्येक प्रतीमागे 35 रुपयांचा खड्डा, तोही सगळी आवृत्ती खपली तर. तीच प्रत तुम्ही 20 टक्के सवलतीने थेट 280 ला विकलीत आणि टपाल-वेष्टनाला 50 गेले, तर 230 येतात आणि 20 रुपये सुटतात. कंपनीचे 80 हजार भागिले 500 म्हणजे 160 ला प्रत. दिसायला स्वस्त. पण थेट विक्री 150 च्या पुढे गेली नाही, तर आले 34,500 आणि घरात राहिल्या 350 प्रती. 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) कागदावरचं 224 पृष्ठांचं डेमी पुस्तक मुखपृष्ठासकट अडीचशे-पावणेतीनशे ग्रॅम भरतं. म्हणजे पलंगाखाली 90 किलो.

म्हणून प्रतींची संख्या भावनेवर ठरवू नका. जे खिशातून पैसे काढून पुस्तक घेतील, अशांची नावं कागदावर लिहा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधली माणसं मोजायची नाहीत. ‘अरे वा, नक्की घेणार’ म्हणणाऱ्यांतले निम्मे धरा. त्यात परीक्षणासाठी, ग्रंथालयांसाठी आणि कायद्यासाठी 30 मिळवा. 1954 च्या ग्रंथ वितरण कायद्यानुसार प्रकाशनापासून 30 दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथली ठरलेली ग्रंथालयं यांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतः छापलंत की प्रकाशक तुम्हीच. आकडा दीडशेच्या आत आला तर डिजिटल छपाई करा. प्रतीमागे महाग पडेल, पण एकूण रक्कम कमी जाईल आणि संपल्यावर आणखी 50 काढता येतील. ऑफसेट परवडायला लागतं ते साधारण तीनशे-पाचशेच्या पुढे.

कंपनीच्या पत्रकातला ‘आयएसबीएन समाविष्ट’ हा शब्द खोडूनच वाचा. भारतात तो फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या संकेतस्थळावर लेखक-प्रकाशक म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. अर्जाला वेळ लागतो, तेव्हा मुद्रितशोधन सुरू असतानाच करा. कंपनीच्या नावाचा क्रमांक घेतला तर नोंदीत प्रकाशक ती कंपनी राहते आणि उद्या दुसरीकडून काढायचं झालं तर नवा क्रमांक लागतो. छापील आणि ई-बुकला वेगवेगळे क्रमांक. मजकूर न बदलता पुनर्मुद्रण केलं तर तोच चालतो. आणि करारात काय हवं? छपाईची पीडीएफ आणि तिची मूळ मांडणीची फाइल, दोन्ही तुम्हाला मिळतील हे लिहून घ्या. नुसत्या पीडीएफवर दुसऱ्या आवृत्तीत एक वेलांटी दुरुस्त करायची तरी घाम फुटतो.

आता जिथे खरी वाट लागते तो भाग: अक्षरजुळणी. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलं असेल आणि डीटीपीवाला जुन्या फॉन्टवर काम करत असेल, तर तो मजकूर रूपांतरित करतो आणि त्यात अक्षरं मोडतात. हमखास बळी जातो तो ‘ऱ्य’ चा. ‘आचाऱ्यांना बोलावलं’ म्हणजे स्वयंपाक्यांना, ‘आचार्यांना बोलावलं’ म्हणजे गुरुजनांना. ‘दऱ्या’ चं ‘दर्या’ झालं की डोंगरात समुद्र येतो. शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर इथे काही बोलत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. हे टाळायला डीटीपीवाल्याला आधीच सांगा: काम युनिकोडमध्येच हवं, इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (आपल्या लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू हवा, नाहीतर जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी विस्कटते. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत का तेही पाहा. टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट पुस्तकाला चांगला आहे. सगळं पुस्तक देण्याआधी दहा पानांचा नमुना लावून घ्या, त्यात ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाङ्मय’, ‘अ‍ॅसिड’ आणि ‘ऑफिस’ असलेलं एक पान हवंच.

मुद्रितशोधकाकडे जाण्याआधी घरी दोन कामं उरका. पहिलं, निवेदनात ‘असे, केले’ की ‘असं, केलं’, हे एकदा ठरवा. बोलीतल्या संवादात अनुस्वार हवाच, निवेदनात दोन्ही चालतात, पण एका परिच्छेदात ‘त्याने सांगितले’ आणि पुढच्यात ‘त्याने ठरवलं’ झालं की वाचक अडखळतो आणि का अडखळलो ते त्याला कळतही नाही. दुसरं, कालपट. एका वहीत प्रकरणवार तारीख, वार, प्रत्येक पात्राचं वय लिहा आणि त्या वर्षाच्या पंचांगाशी ताडून बघा. 2022 मध्ये गणेश चतुर्थी 31 ऑगस्टला होती, 2023 मध्ये अधिक श्रावण आल्याने 19 सप्टेंबरला. दोन्ही वर्षी नायक ‘ऑगस्टअखेर गणपतीला गावी’ गेला, तर कोकणातला वाचक तुम्हाला सोडणार नाही.

224 पृष्ठं रोज बारा-तेरा या वेगाने वाचली तर एक वाचन अठरा-एकोणीस दिवसांत होतं. तीन वाचनं म्हणजे दोन महिने. नोकरी असताना यापेक्षा घाई करू नका आणि हे काम रात्री जेवणानंतर करू नका. थकलेला डोळा जे असायला हवं तेच वाचतो. सकाळची चाळीस मिनिटं पुरतात. कागदावर प्रिंट काढून, ओळीखाली पट्टी धरून. पहिलं वाचन सगळं, दुसरं फक्त संवाद, तिसरं फक्त नावं, आकडे आणि पृष्ठक्रमांक. दुरुस्त्या होऊन आल्या की दुरुस्त ओळीबरोबर तिच्या आगेमागच्या तीन-तीन ओळीही बघा. जुनी चूक काढताना नवी पडते ती तिथेच.

मुखपृष्ठ चित्रकाराला लवकर सांगा, पण अंतिम फाइल पृष्ठसंख्या पक्की झाल्यावरच घ्या. कण्याची जाडी तिच्यावर असते. 224 पृष्ठं म्हणजे कागदाची 112 पत्रं, एक पत्र साधारण 0.1 मिलिमीटर, म्हणजे 11-12 मिलिमीटर, पण नक्की आकडा छापखान्याकडून त्याच कागदाचा घ्या. कणा दोन मिलिमीटर चुकला की नाव मलपृष्ठावर सरकतं. चारी बाजूंना, कापताना जाईल असा, 3 मिलिमीटर जादा रंग हवा, रंग सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे). स्क्रीनवरचा झगझगीत निळा छापल्यावर मळकट का झाला, याचं कारण तेच. बारकोडला मलपृष्ठावर खाली चार बाय अडीच सेंटिमीटरची पांढरी जागा सोडा. आणि पूर्ण छपाईआधी बांधलेली एक डमी (नमुना प्रत) हातात घेऊन तिची पानं उलटा.

पुस्तक जून ते सप्टेंबरमध्ये येत असेल तर आणखी एक बाब. लॅमिनेशन मुखपृष्ठाच्या फक्त बाहेरच्या बाजूला असतं. दमट हवेत आतली उघडी बाजू ओल शोषून फुगते आणि मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला वळतं. कागदाच्या तंतूंची दिशा, म्हणजे ‘ग्रेन’, कण्याला समांतर असेल तर हे कमी होऊ शकतं, आणि ‘ग्रेन’ विचारणाऱ्या गिऱ्हाईकाकडे छापखानावाला जरा जपून बघतो. गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून फळीवर आडवे ठेवा, फरशीवर नको.

दुकानं ‘खपेल तसे पैसे’ या बोलीवर प्रती ठेवतात. सुरुवातीला पाचच द्या. प्रतींची संख्या, किंमत, कमिशन आणि तारीख लिहिलेल्या चलनावर सही-शिक्का घ्या, आणि दर महिन्याला स्वतः जाऊन कपाटात मोजा. फोनवर उत्तर नेहमी ‘दोन गेल्यात’ असंच येतं.