पहिल्याच भेटीत चाचण्यांचा गठ्ठा काढू नकोस

मानसिक आघातातून गेलेल्या किशोरवयीन मुलाचं मानसशास्त्रीय मूल्यमापन करायचंय म्हणून घाबरली आहेस, ते बरंच आहे. बेफिकीर असतीस तर मला जास्त काळजी वाटली असती.

आधी त्याला एकट्याला भेट, आईवडिलांना नंतर. काय गुप्त राहील आणि जिवाला धोका दिसला तर काय सांगावंच लागेल, हे सुरुवातीलाच स्पष्ट कर. मधेच सांगितलंस तर त्याला दगा वाटेल.

या वयातलं नैराश्य रडतच येईल असं नाही. बऱ्याचदा ते चिडचिड म्हणून दिसतं आणि घरचे त्याला उद्धटपणा म्हणतात. लक्ष लागत नाही म्हटल्यावर लगेच एडीएचडीकडे (लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराकडे) धावू नकोस. झोपेत दचकणारं, सतत सावध असलेलं मूल अभ्यासात लक्ष कुठून देणार? हे आधीपासून होतं की घटनेनंतर सुरू झालं, ते विचार. घटनेचा तपशील मात्र उकरू नकोस. लक्षणं कळली तरी पुरतं.

बेक डिप्रेशन इन्व्हेंटरी या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीची दुसरी आवृत्ती १३ वर्षांपासून पुढे वापरता येते. प्रश्न २१, पण बेरीज करण्याआधी नववा बघ. तो आत्महत्येच्या विचारांचा आहे. एकूण गुण कमी, पण नवव्यात असे विचार येतात असं उत्तर, असं मी पाहिलंय. मग सरळ विचार: मरावंसं वाटतं का, कसं ठरवलंयस, साधन हाताशी आहे का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नकोस, आणि अहवाल राहू दे, मला त्याच क्षणी फोन कर.