सहीची तारीख कुठली, ते आधी सांगा

पंढरपूरच्या एका भजनी गायकाचा प्रश्न आहे. १९९५ च्या सुमारास त्यांनी स्वतः लिहिलेली, चाल लावलेली आणि गायलेली आठ भक्तिगीतं एका कॅसेट कंपनीला दिली. एकरकमी पैसे घेतले, स्टॅम्प पेपरवर सही केली आणि प्रत मागितलीच नाही. आज ती गाणी कंपनीच्या यूट्यूब चॅनलवर आहेत. यांनी जुनी कॅसेट स्वतःच्या चॅनलवर टाकली, तर स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याचा यूट्यूबचा ठपका, आला. ‘गाणं माझं, मग चोर मी कसा?’ असं ते विचारतात. जाता जाता हेही लिहितात, की मुलाच्या मोबाईल दुकानात गिऱ्हाइकाला पेनड्राइव्हवर गाणी भरून देतात, त्याचं काही होईल का?

अशी पत्रं आषाढीच्या आगेमागे हटकून येतात. कंपनीनं फसवलं का, पैसे कमी दिले का, हे मी सोडून देतो. त्यावर तुमचं प्रकरण ठरणार नाही. ते ठरेल तारखेवर.

कॉपीराइट कायद्याचं कलम १९(५) सांगतं, की हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ते हस्तांतरण पाच वर्षांचंच धरायचं. म्हणजे शब्द आणि चालीचे हक्क २००० सालीच तुमच्याकडे परत आले. पण हे पोटकलम १९९४ च्या दुरुस्तीनं आलं. ती दुरुस्ती १० मे १९९५ रोजी लागू झाली आणि त्याआधी लिहून दिलेल्या हक्कांना ते लागू नाही, असं १९(७) मध्ये स्पष्ट लिहिलंय. सही एप्रिलमधली असेल तर हा मुद्दा संपला, जूनमधली असेल तर तुमच्या हातात आयता हुकमाचा पत्ता आहे. आणि तुम्ही मला लिहिता ‘१९९५ च्या सुमारास’! घरातली म्हैस विकतानाही माणूस पावती जपून ठेवतो हो.

कॅसेटच्या कव्हरवरचं साल पुरेसं नाही. सही आधी, बाजारात नंतर, असंच बहुतेक वेळा होतं. त्या वर्षाचं बँक पासबुक काढा, चेक मिळाला असेल तर त्याची नोंद सापडेल. रेकॉर्डिंगला तबल्या-पेटीवर कोण होतं, त्यांना विचारा. मूळ कागद कंपनीकडे असेल, तर नोटीस पाठवून त्याची पुढची-मागची दोन्ही बाजूंची प्रत मागा. स्टॅम्प विक्रेत्याचा शिक्का आणि तारीख त्यावर असते. कागदाची खरेदी १० मे नंतरची निघाली, तर सही त्याआधीची असूच शकत नाही. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: कायद्याला हस्तांतरण लेखीच लागतं, त्यामुळे कागद दाखवायची पाळी कंपनीवरही येते. मात्र त्यात ‘कायमस्वरूपी’ असा शब्द निघाला, तर मुदत लिहिलेलीच आहे असं कंपनी म्हणेल आणि ते खोडणं जड जाईल.

आता स्ट्राइक. तो बरोबर आहे, रागावू नका. शब्द आणि चाल वेगळी, ध्वनिमुद्रण वेगळं. स्टुडिओचा खर्च कंपनीनं केला असेल तर ते मुद्रण तिचं, आणि त्याचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. १९९५ ची कॅसेट म्हणजे २०५५ अखेरपर्यंत. तेव्हा यूट्यूबला ‘मीच मालक’ असं प्रतिउत्तर देऊ नका. तारीख तुमच्या बाजूनं लागली तर तीच गाणी नव्यानं गाऊन टाका. आणि २००० नंतर तुमचे शब्द, तुमची चाल वापरल्याचे पैसेही मागता येतील. कंपनी अर्थातच हरकत घेईल.

२०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही असं केलं, हे तुम्ही कुठंतरी वाचलंय. खरं आहे. जुन्या करारांना ते कितपत लागू, यावर वाद आहे. नोटिशीत घाला, भिस्त त्यावर ठेवू नका.

दावा तुम्हाला सोलापूर जिल्ह्यात लावता यावा, कारण कलम ६२ राहत्या ठिकाणी दावा लावायची मुभा देतं. रक्कम ३ लाखांच्या वर गेली तर व्यावसायिक न्यायालय, आणि तातडीचा मनाई हुकूम मागत नसाल तर आधी मध्यस्थी सक्तीची. तिथंच तीन ते पाच महिने जातात, पुढच्या तारखांचं तर बोलायलाच नको. मागची वसुली साधारण तीन वर्षांचीच मिळेल. त्याआधीचं गप्प बसण्यात गेलं.

राहिलं दुकान. स्वतःपुरतं गाणं उतरवून घेणाऱ्याच्या मागे सहसा कोणी लागत नाही, पण पैसे घेऊन भरून देणं हा धंदा झाला. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय. शिवाय त्या पेनड्राइव्हमध्ये दुसऱ्या गीतकारांचीही गाणी आहेतच ना? त्यांची रॉयल्टी बुडवून स्वतःची मागायला तुम्ही कोर्टात उभे राहिलात, तर समोरचा वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न दुकानाचा विचारेल. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. नोटीस निघण्याआधी ते काम बंद करा, संगणकातला साठाही पुसा, आणि मग पासबुक घेऊन वकिलाकडे जा.