विनोदी चित्रपटांना मोठे पुरस्कार का मिळत नाहीत?

माझ्या मते मुख्य कारण हे, की विनोदात मेहनत दिसली की विनोद संपतो. रडण्याच्या प्रसंगात नटाने काय केलं ते परीक्षकांना दिसतं. हसवणाऱ्याची सगळी धडपड ती दिसू नये यासाठीच असते, आणि मग 'तो मुळातच गमत्या' असं म्हणून लोक मोकळे होतात.

आम्हा इंदूरकरांना हे जरा जास्तच टोचतं. जॉनी वॉकर जन्माने इंदूरचे. किशोरकुमार खंडव्याचे, पण शिकले इथल्या ख्रिश्चन कॉलेजात. त्यांना फिल्मफेअरचे ८ पुरस्कार मिळाले, सगळे गायनाचे. अभिनयाचा एकही नाही! १९६८ च्या 'पडोसन'मधली ती जुगलबंदी पुन्हा बघा. सुनील दत्त खिडकीत नुसते ओठ हलवतायत आणि मागे लपलेले किशोरदा गातायत, चिडतायत, मित्राला सांभाळतायत, समोरच्या मेहमूदला चिथावतायत. सूर आणि चेहरा दोन्हींवर एकाच वेळी एवढा ताबा मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही.

फिल्मफेअरने १९६७ ते २००७ या काळात विनोदी भूमिकेसाठी वेगळा पुरस्कार ठेवला होता. अनेकांना तो सन्मान वाटतो, मला तो ओसरीवर वाढलेलं पान वाटतो. परेश रावल यांना 'वो छोकरी' आणि 'सर'साठी १९९३ सालचा सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर 'हेरा फेरी'च्या बाबूरावला विनोदी भूमिकेचा फिल्मफेअर. तो चित्रपट उभाच बाबूरावच्या खांद्यावर आहे, त्याला मुख्य अभिनयात का तोलू नये? 'मुन्नाभाई एमबीबीएस'लाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो निकोप मनोरंजनाचा. अमेरिकेतल्या गोल्डन ग्लोब पुरस्कारांमध्येही विनोदी आणि संगीतप्रधान चित्रपटांचा विभाग वेगळाच.

आणखी एक. विनोदाला गर्दी लागते. इथे इंदुरात 'सानंद' या संस्थेच्या मराठी नाटकांना भरल्या सभागृहात जे वाक्य छप्पर उडवतं, तेच घरी एकट्याने पाहिलं तर ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊन जातं. परीक्षक मोजक्या लोकांत, एकामागून एक चित्रपट बघतात. गंभीर चित्रपटाचं त्यात फारसं बिघडत नाही, विनोदी चित्रपटाचं मात्र अर्धं बळ तिथेच जातं. परीक्षकांना असे चित्रपट भरल्या थिएटरात, तिकीट काढून आलेल्या लोकांत बसवून दाखवायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.