नवीन खाणं अंगवळणी पडेपर्यंत

अगं,

तुझा मोठ्ठा मेसेज वाचला. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले, मग काटा जो अडकला तो अडकलाच, त्यात डोकं दुखतंय, पोट फुगतंय, दिवसभर खाण्याशिवाय दुसरा विचार नाही, आणि यावरून तू ठरवूनही टाकलंस की हे आपल्याच्याने होणार नाही. फोनच केला असता पण तू मधेमधे "हो पण ताई" करतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितेय. मला खरं तर एकच सांगायचंय, त्याला फाटे बरेच आहेत एवढंच. पहिले दोन-तीन महिने हे नवीन खाणं अंगवळणी पाडायला दे, वजनाचं नंतर बघू. वजन मागून येतं आणि हळू येतं.

आधी ते दोन किलो. त्यातली चरबी अगदी थोडी होती गं, बरंचसं पाणी होतं. आपलं शरीर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून थोडी साखर राखून ठेवतं, सगळी मिळून साधारण अर्धा किलो, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं एकदम कमी केलं की आधी हा साठा संपतो, पाणी निघून जातं, काटा धाडकन खाली येतो आणि माणूस हवेत. मग खरी चरबी जायला लागते तेव्हा वेग एवढासा होतो, कारण एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या, अगदी न चुकता, तरी हिशोबाने आठवड्याला अर्धा किलोच होतो, आणि वजन उतरत गेलं की शरीराची गरजही घटते म्हणून पुढे पुढे तेवढाही होत नाही. आता बघ, आदल्या रात्री खारट खाल्लं, पोट साफ झालं नाही, पाळी जवळ आली, यातल्या कशानेही काटा किलो-दीड किलो वर जाऊ शकतो. त्या गदारोळात तुझा अर्धा किलो दिसणार कुठून? तो जात असतो, दिसत नसतो.

म्हणून वजन करायचंच तर सकाळी उठल्यावर, टॉयलेटला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, आणि आठवड्याची सरासरी काढायची. ती मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून बघायची म्हणजे पाळीचा घोळ निघून जातो. आणि सकाळचा आकडा बघून अख्खा दिवस खराब जात असेल (तुझा जातो, मला माहितीये) तर आठवड्यातून एकदाच काट्यावर उभी राहा.

डोकेदुखीचं तर मला हसूच आलं, सॉरी. डाएट सुरू केलं म्हणून तू चहा-कॉफी पण त्याच दिवशी बंद केलीस! अगं कॅफीन एकदम तोडलं की दिवसभरात डोकं धरतं आणि कधीकधी आठवडाभर त्रास देतं. वजनाचं आणि चहाचं काय वैर आहे? वैर असलंच तर त्यातल्या साखरेशी. चहा परत सुरू कर, साखर अर्धा चमचा कमी कर, दोन आठवड्यांनी अजून अर्धा. जीभ ऐकते, तिला वेळ दिला की ऐकते. मिठाचं पण तसंच, सुरुवातीला सगळं अळणी लागतं आणि काही आठवड्यांनी जुन्या चवीचं खाल्लं की खारट वाटायला लागतं.

पोट फुगण्याचं कारणही तूच लिहिलंयस, आधी महिनोन्‌महिने भाजी कमी आणि आता दोन वेळा वाडगाभर सॅलड, वर रोज कडधान्यं. फायबर चांगलंच आहे पण आतड्यातले जीवाणू ते आंबवून गॅस करतात आणि अचानक एवढा माल आला की आतड्याला झेपत नाही. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढव, पाणी पी, काही भाज्या कच्च्या खाण्यापेक्षा शिजवून खा. एवढं केलंस तरी बराच फरक पडेल.

आता भूक. इथे जरा थांबते कारण सगळी गोम इथेच आहे.

तू पाठवलेला दिवसाचा प्लॅन मी दोनदा वाचला. सकाळी एक फळ, दुपारी सॅलड, मग थेट रात्री सूप. हे जेवण आहे का गं? याला मी उपासमार म्हणते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना, ते स्वतःहून तयार झाले होते बरं का, सहा महिने अर्धपोटी ठेवून बघितलं, दिवसाला साधारण १५७० कॅलरी. ती मुलं चिडचिडी झाली, उदास झाली, दिवसरात्र खाण्याबद्दलच बोलायला लागली, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. ती मनाची कमजोर होती असं कुणी म्हणेल का? अर्धपोटी शरीराचं डोकं असंच चालतं. तेव्हा रात्री अकराला फ्रिज उघडून उभी राहतेस म्हणून स्वतःला शिव्या घालू नकोस, ती भूक सकाळी साडेआठलाच तयार झालेली असते, रात्री फक्त वसुलीला येते.

तर सकाळपासून नीट जेव. प्रत्येक जेवणात प्रोटीन पाहिजे म्हणजे पाहिजे, डाळ, कडधान्यं, दही, पनीर, टोफू, अंडी, मासे, चिकन, जे तुझ्या घरात चालतं आणि तुला आवडतं ते. वजन कमी करताना शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ग्रॅम प्रोटीन धरतात (किडनीचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच). कारणं दोन. एक म्हणजे पोट भरल्यासारखं जास्त वेळ वाटतं, आणि प्रोटीन पचवण्यातच त्याच्या कॅलरीतला २० ते ३० टक्के भाग खर्च होतो, चरबीच्या बाबतीत हाच खर्च जेमतेम तीन टक्के. दुसरं, खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, ते वाचवायला प्रोटीन लागतं आणि थोडा वजनं उचलण्याचा व्यायाम लागतो. व्यायामाबद्दल वेगळं लिहीन, इथे सुरू केलं तर हे पत्र संपायचं नाही.

ताट कसं भरायचं ते सोपं आहे. अर्धं ताट भाज्या, पाव ताट प्रोटीनवालं काहीतरी, उरलेलं पाव भात किंवा जे धान्य खातेस ते. हो, भात खायचा. भात बंद, ब्रेड बंद, फळं बंद असल्या याद्या फेकून दे. स्टॅनफर्डमध्ये ६०९ लोकांवर वर्षभर अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला, अर्ध्यांना चरबी कमी आणि अर्ध्यांना कार्ब, म्हणजे पिष्ट आणि साखर, कमी, वर्षाअखेरीस दोन्ही गटांचं सरासरी वजन जवळपास सारखंच उतरलं. गंमत म्हणजे प्रत्येक गटात कुणाचं भरपूर उतरलं आणि कुणाचं चक्क वाढलं. म्हणजे कार्ब की फॅट यावर भांडण्यात अर्थ नाही, तुला रोज काय खाऊन राहता येतं हे शोधण्यात आहे. मला कुणी डाएट प्लॅन दाखवला की मी एकच विचारते, पाच वर्षांनी तू असंच जेवत असशील का? उत्तर द्यायला वेळ लागला तर प्लॅन बदलायचा.

आणि तेल. हे मात्र कुणी धड सांगत नाही. उद्या स्वयंपाक करताना स्वतःचा हात बघ. कढई तापली, बाटली तिरकी केली, धार सुटली, मनात "एवढंच" म्हटलं आणि मोहरी टाकली. आता तीच धार एकदा कढईऐवजी वाटीत सोड आणि चमच्याने मोज. मोठे तीन चमचे तरी निघतील, पैज लावते. एक मोठा चमचा म्हणजे १५ मिली, त्याच्या १२० कॅलरी, तीन चमचे म्हणजे ३६० झाल्या आणि पोटाला पत्ताही नाही. तेल वाईट नाही, पण ग्रॅमला ९ कॅलरी असलेली वस्तू अंदाजाने ओतायची नसते, चमच्याने घालायची असते. सॅलडवरचं ड्रेसिंग, भाजताना सोडलेलं तूप, मुठीने खाल्लेले दाणे, सगळं याच खात्यात जातं.

कॅलरीचं ॲप वापरतेस ते ठीक आहे, महिनाभर वापर म्हणजे नजर तयार होते, पण त्याला ब्रह्मवाक्य समजू नकोस. १९९२ मध्ये एक अभ्यास झाला होता, आम्ही इतकं कमी खातो तरी वजन उतरत नाही म्हणणाऱ्या लोकांवर, त्यांचं खरं खाणं मोजलं तर ते सांगत होते त्याच्या जवळपास दुप्पट निघालं. ते खोटं बोलत नव्हते. चाखून बघितलेला घास, उभ्या उभ्या खाल्लेलं बिस्किट, भांडं घासायच्या आधी संपवलेलं उरलंसुरलं, हे लक्षातच राहत नाही ना कुणाच्या.

घरात काय आणून ठेवलंय ते पण बघ. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना महिनाभर संस्थेतच ठेवलं, दोन आठवडे पाकिटातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्हीकडे वाढलेल्या जेवणात कॅलरी, साखर, मीठ, फायबर सारखंच, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलेलं. पाकिटवाल्या दिवसांत माणसं रोज ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली आणि भरभर खात होती. हे २०१९ चं. तेव्हा चिप्स समोर ठेवून मनावर ताबा ठेवायचा असला पराक्रम करू नकोस, आणूच नकोस. खायचं असेल त्या दिवशी बाहेर जाऊन छोटं पाकीट घे, बसून खा, मजेत खा आणि घरी ये.

कारण घसरशील, हे नक्की. वाढदिवस येतील, पाहुणे येतील, ऑफिसात कुणाचं तरी प्रमोशन होईल. १९७५ चा एक जुना प्रयोग आहे, त्यात सतत डाएट करणाऱ्या मुलींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम पुढे ठेवलं, तर मिल्कशेक प्यायलेल्या मुलींनी न प्यायलेल्यांपेक्षा जास्त आइस्क्रीम खाल्लं. म्हणजे आता मोडलंच आहे तर होऊन जाऊ दे! तुझं त्या शनिवारी हेच झालं. केकचा एक तुकडा तीनेकशे कॅलरीचा, त्याने काही बिघडलं नव्हतं, पण "गेला आजचा दिवस" म्हणून रात्रीपर्यंत जे चाललं ते महागात पडलं, आणि त्याहून वाईट म्हणजे रविवारी प्रायश्चित्त म्हणून काही खाल्लं नाहीस. तसं करायचं नाही. केक खाल्ला, छान होता, रात्रीचं जेवण नेहमीसारखं. लंडनमध्ये सवयींवर ९६ लोकांचा अभ्यास झाला होता, एखादी नवीन गोष्ट आपसूक व्हायला त्यांना सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला त्या मानाने २५४ लागतील असं निघालं, आणि मधे एखादा दिवस चुकल्याने काही खास फरक पडला नाही. तुझे अजून तीन आठवडे पण झालेले नाहीत बाई.

झोपेचं एका वाक्यात सांगते, चार-पाच तास झोपून डाएट करणं म्हणजे स्वतःशीच वैर, झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन उतरतं.

घरचे बोलतात म्हणालीस, एवढंसं खाऊन कसं होणार वगैरे. त्यांना लेक्चर देऊ नकोस आणि डाएट हा शब्दही काढू नकोस. सगळ्यांबरोबर बस, जे केलंय तेच घे, भाजी जास्त घे आणि बाकीचं थोडं कमी, स्वतःच्या हाताने वाढून घे. वेगळं ताट दिसलं की प्रश्न येतात.

काही गोष्टींत मात्र माझं ऐकत बसू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा. पाळी बंद झाली, चक्कर यायला लागली, जेवल्यावर उलटी काढावीशी वाटली किंवा खाणं सुरू केलं की थांबताच येत नाही असं वारंवार व्हायला लागलं, तर डाएट तिथेच थांबवायचं. दिवसाला ८०० कॅलरीच्या खालचे प्लॅन डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचेच नसतात, आणि फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात, हे त्या "महिन्यात दहा किलो"वाल्या मैत्रिणीलाही सांग. तिच्या बाबांना शुगरच्या गोळ्या चालू आहेत आणि ते पण तिच्याबरोबर जेवण कमी करतायत असं तू लिहिलंयस, त्यांनी आधी डोस विचारून घ्यायला हवा, काही गोळ्यांवर जेवण कमी केलं की साखर धोक्याइतकी खाली येते. हे आजच सांग.

बाकी तुझं ध्येय वीस किलो आहे ते राहू दे बाजूला. सध्याच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरलं तरी बीपी-शुगरवर चांगला परिणाम दिसतो, तुझ्या बाबतीत म्हणजे चार ते आठ किलो. आधी चार बघू.

या आठवड्यात दोनच गोष्टी कर, सकाळचा नाश्ता नीट आणि तेल चमच्याने. सॅलड एकवेळचं कर, चहा सुरू कर, काटा कपाटात ठेव. रविवारी मला आकडा पाठवू नकोस, रात्री अकराला भूक लागते का आणि किती लागते तेवढं लिहून पाठव, त्यावरून संध्याकाळच्या खाण्याचं ठरवू.

तुझी
ताई