डिझेल वाढलं, भाडं किती वाढवायचं?

प्रश्न : डिझेल महागलं की आमचा वाहतूकदार भाड्यावर सरसकट टक्केवारीने इंधन अधिभार (डिझेलवाढीसाठीची जादा आकारणी) लावतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. भाड्यात टोल, चालकाचा पगार, टायर, गाडीचा हप्ता हेही असतं. डिझेल वाढल्याने ते वाढत नाही. अधिभार जळालेल्या लिटरवरच काढा.

करारात पायाभूत दर लिहा, म्हणजे मूळ भाडं ठरलं त्या दिवसाचा डिझेलचा दर. खरी गडबड इथेच होते. भाडं नव्या दराने ठरवून पायाभूत दर जुनाच ठेवला, तर तीच वाढ दोनदा वसूल होते.

समजा पायाभूत दर लिटरला 90 रुपये, आजचा 98, म्हणजे फरक 8. भरलेली गाडी 400 किलोमीटर जाते, लिटरला 4 चं अ‍ॅव्हरेज : 100 लिटर. पुढचा माल घ्यायला रिकामी 100 किलोमीटर, अ‍ॅव्हरेज 5 : आणखी 20 लिटर. एकूण 120 लिटर गुणिले 8, म्हणजे 960 रुपये अधिभार. भरलेल्या किलोमीटरमागे 2.40. रिकामी धाव धरायलाच हवी, नाहीतर वाहतूकदाराच्या खिशाला चाट बसते. मात्र परतीचा माल मिळाला असेल तर ती धरू नये.

अ‍ॅव्हरेज कंपनीच्या माहितीपत्रकातलं नको, टाकी फुल टू फुल भरून (एकदा पूर्ण भरायची, गाडी चालवून पुन्हा पूर्ण भरायची, मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा लागलेले लिटर) काढलेलं घ्या. शीतगाडीच्या कूलिंग युनिटचं डिझेल तासावर, वेगळं मोजा.

दर जाहीर झालेलाच धरा, पंधरवड्याला बदला आणि माल भरल्याची तारीख प्रमाण माना. डिझेल 90 च्या खाली गेलं तर त्याच सूत्राने भाडं कमी होईल, हेही करारात लिहून घ्या.