इंग्रजीचा वळसा टाळा: पोलंडमधल्या दवाखान्यातले प्रश्न

पोलंडमध्ये शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींकडून आलेले हे प्रश्न. पोलिश शब्द देवनागरीत जवळात जवळच्या उच्चाराने दिले आहेत.

प्रश्न: घसा दुखत होता, ताप होता. डॉक्टरांनी निदान लिहिलं ‘आंगिना’. घरी फोनवर सांगितलं तर सगळे हादरले, अंजायना म्हणजे हृदयाचं दुखणं ना? (व्रोत्सवाफ)

हृदयाला काहीही झालेलं नाही. पोलिशमध्ये आंगिना म्हणजे टॉन्सिलचा संसर्ग, गिळताना कळ येते तो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गळा आवळणं. पोलिश भाषा गळ्याशी थांबली, इंग्रजी छातीपर्यंत गेली.

खरा धोका उलट बाजूने आहे. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी तिथे नुसतं ‘आंगिना’ म्हटलं, तर आधी घसा तपासला जाण्याची शक्यता जास्त. हृदयाच्या अंजायनाला ‘द्वावित्सा प्येर्शोवा’ किंवा ‘दुश्नित्सा बोलेस्ना’ म्हणतात. एवढं जिभेवर बसत नसेल तर ‘होरोबा व्येन्त्सोवा’ पाठ करा. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, असा त्याचा अर्थ.

तुम्हाला अँटिबायोटिक दिलं असेल तर ई-प्रिस्क्रिप्शन सात दिवसांच्या आत वापरा. इतर औषधांना साधारण तीस दिवस मिळतात, अँटिबायोटिकला नाहीत. दुकानात चार आकडी कोड आणि अकरा आकडी पेसेल नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) सांगितला की पुरे. आणि ‘रेत्सेप्ता’ म्हणजे प्रिस्क्रिप्शन. पावती हवी असेल तर ‘पारागोन’ मागा.

प्रश्न: रक्ततपासणीच्या कागदावर ‘मोर्फोलोग्या’ आणि ‘ओबे’ लिहिलंय. प्लेटलेट फक्त २५० आहेत! (क्राकूफ)

मोर्फोलोग्या म्हणजे आपण ज्याला सीबीसी म्हणतो तीच, रक्तपेशी मोजण्याची तपासणी. ‘ओबे’ म्हणजे ईएसआर, लाल पेशी किती वेगाने खाली बसतात ते. पोलंडमध्ये ती एडमुंड ब्येर्नात्स्की या पोलिश डॉक्टरच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १८९७ साली या तपासणीवर लिहिलं होतं, आणि आजही तिथे कुणी ईएसआर म्हणत नाही.

प्लेटलेटचं म्हणाल तर २५० म्हणजे २५० हजार, म्हणजेच आपले अडीच लाख. एकदम ठीक. तिथे हा आकडा हजारांत मोजतात, शेजारी ‘तिस.’ किंवा दहाचा तिसरा घात छापलेला असतो. पांढऱ्या पेशी ७,२ म्हणजे ७,२००. तो स्वल्पविराम दशांशचिन्ह आहे, हे कायम लक्षात ठेवा. भारतातला रिपोर्ट पोलिश डॉक्टरांना दाखवताना हीच गफलत उलटी होते: २,५०० असं लिहिलं तर ते अडीच वाचू शकतात आणि २,५०,००० तर कळतच नाही. आकडा स्वल्पविराम न देता लिहून द्या.

प्रश्न: मी लुब्लिनमध्ये इंग्रजी माध्यमातून मेडिकल करते. वॉर्डमधल्या पेशंटशी मात्र पोलिशच बोलावं लागतं. इंग्रजी वाक्यं मनात जुळवून भाषांतर करते, आणि पेशंट गोंधळतात.

मग इंग्रजी मधून काढूनच टाका. शरीराच्या बाबतीत मराठी पोलिशला जास्त जवळची आहे. इंग्रजीत हाताचे दोन शब्द, पायाचे दोन, बोटांचेही दोन. पोलिशमध्ये ‘रेंका’ म्हणजे आपला अख्खा हात, ‘नोगा’ म्हणजे अख्खा पाय, आणि ‘पालेत्स’ हाताचं असो की पायाचं, बोटच. नेमकं सांगायचं तर ‘द्वोन्य’ म्हणजे मनगटापुढचा पंजा, ‘स्तोपा’ म्हणजे पाऊल, ‘बार्क’ म्हणजे खांदा. ‘राम्यें’ या शब्दापाशी मात्र सावध राहा. शरीररचनेच्या तासाला तो दंड असतो, वॉर्डमधल्या आजीबाईंच्या तोंडी खांदा. बोट ठेवून दाखवायला सांगा.

‘पोट’ म्हणजे ‘ब्झुख’. इंग्रजी ‘स्टमक’च्या नादाने ‘झोवॉंदेक’ म्हटलंत तर ते जठर झालं, आणि तुमची तपासणी चुकीच्या जागेपासून सुरू होईल.

दुखण्याचं वाक्यही मराठीसारखंच चालतं. डोकं दुखतं, पाय दुखतात. क्रियापद अवयवाप्रमाणे बदलतं. ‘बोली म्न्ये ग्वोवा’, पण ‘बोलॉं म्न्ये नोगी’. पाठ हा शब्द तिथे नेहमी अनेकवचनी: ‘बोलॉं म्न्ये प्लेत्सि’. भूतकाळात बोलणाऱ्याचं लिंग कळतं, जसं आपल्याकडे ‘मी पडलो, मी पडले’: पुरुष ‘उपादवेम’ म्हणेल, बाई ‘उपादवाम’.

विचारपूस सुरू करायची ती ‘त्सो पानु दोलेगा?’ (बाईंना ‘त्सो पानी दोलेगा?’) या वाक्याने. आपल्याला काय त्रास होतोय, याच घडणीचं वाक्य आहे. ‘तू’चं रूप मोठ्या माणसाला कधीही वापरू नका. या विचारपुशीला ‘विव्याद’ म्हणतात. हेरखात्यालाही तोच शब्द आहे, तेव्हा वर्तमानपत्रात दिसला तर चक्रावू नका.

नर्सला मराठी सवयीने ‘सिस्टर’ म्हणावंसं वाटेल. ‘श्योस्त्रो’ हे संबोधन जुने पेशंट वापरतातही, पण बऱ्याच नर्सना ते आता आवडत नाही. ‘पानी’ म्हणा, चुकण्याची भीती नाही.

प्रश्न: मुलाच्या तापाच्या सिरपचं प्रमाण कसं वाचायचं? बाटलीवर ‘ना दोबें’ असं काहीतरी आहे. (वुच)

‘दोबा’ म्हणजे अहोरात्र, पूर्ण चोवीस तास. ‘च्तेरी राझी ना दोबें’ म्हणजे चोवीस तासांत चार वेळा, म्हणजे साधारण दर सहा तासांनी, रात्र धरून. ‘जेन्य’ म्हणजे दिवस. ‘त्शी राझी जेन्न्ये’ हे सकाळ-दुपार-संध्याकाळ असं धरतात.

डॉक्टरांनी हाताने ‘३ × १’ लिहिलं असेल तर तीन वेळा, दर वेळी एक. आपल्याकडच्या १-०-१ ची सवय असलेला माणूस ‘२ × १’ कडे पाहून एका वेळी दोन गोळ्या घेऊन बसतो. पहिला आकडा वेळा, दुसरा मात्रा.

‘विझेच्का’ म्हणजे छोटा चमचा, ५ मिली. ‘विश्का’ म्हणजे जेवणाचा मोठा चमचा, १५ मिली. पोलिशमध्ये फरक शब्दाच्या शेपटात असतो आणि इथे तो तिप्पट औषधाचा आहे. घरातला कुठलाच चमचा घेऊ नका. बाटलीसोबतची सिरिंज वापरा.

आयबुप्रोफेनचं सिरप घेताना बाटलीवर ‘फोर्ते’ आहे का पाहा. साध्यात ५ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, फोर्तेमध्ये २००. जुन्या बाटलीच्या हिशेबाने नवी दिली की डोस दुप्पट. पॅरासिटामॉल वजनावर ठरतं, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त १८० मिलिग्रॅम. ५ मिलीत १२० असेल तर ७.५ मिली. कागदावर ते ‘७,५’ दिसेल. मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तर हिशेब मांडत बसू नका, डॉक्टर गाठा.

प्रश्न: आईबाबा तीन महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांची पुण्याची प्रिस्क्रिप्शनं भाषांतर करून घ्यावीत का?

ऑफिस, विमा किंवा कोर्टासाठी असेल तर शपथबद्ध भाषांतरकार, ‘त्वुमाच प्शिश्येंग्वी’, लागतो. तो ११२५ अक्षरांचं एक पान धरून पैसे घेतो, त्यामुळे जाडजूड फाइल सरसकट देऊ नका. डॉक्टरांना दाखवायला एक पानी यादी बस्स.

यादीत ब्रँड नव्हे, औषधाचं मूळ नाव. इकोस्प्रिन तिथे कुणालाच कळणार नाही, ‘क्वास आत्सेतिलोसालित्सिलोवी’ कळेल. थायरोनॉर्म म्हणजे ‘लेवोतिरोक्सिना’, आणि तिथे मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिहा. ग्लायकोमेट म्हणजे ‘मेतफोर्मिना’.

आपल्या डॉक्टरांची लघुरूपं उलगडून लिहा. ‘एसओएस’ (गरज पडली तर) हे तिथे ‘दोराझ्न्ये’. ‘बीडी’ म्हणजे दोन वेळा. रात्री झोपताना ‘ना नोत्स’, उपाशीपोटी ‘ना च्चो’. ‘ओडी’ तर मुळीच ठेवू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या भाषेत तो उजवा डोळा होतो.

ॲलर्जी यादीच्या डोक्यावर, ठळक. आईसाठी ‘येस्तेम उचुलोना ना…’, बाबांसाठी ‘उचुलोनी’.

प्रश्न: ‘द्रोगेर्या’त डोकेदुखीवरची प्रिस्क्रिप्शनची गोळी मिळाली नाही. का?

ते साबण-शाम्पूचं दुकान आहे. औषधांसाठी ‘आप्तेका’. आणि तिथल्या किराणा दुकानात बरणी दाखवून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह आहे का, असं विचारायचं असेल तर शब्द ‘कोन्सेर्वान्त’. इंग्रजी शब्दाला पोलिश शेपूट लावून ‘प्रेझेर्वातिवा’ केलंत तर तुम्ही लोणच्यात कंडोम आहे का, असं विचारलेलं असेल.